उमापूरला आलेला फोन

टेलिफोनच्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की मी तिरडीवाल्याची गोष्ट सांगतो. लग्नाच्या मांडवात सांगितली, तेराव्याच्या पंगतीत सांगितली, नातवंडांना तर ती पाठ आहे. अमेरिकेतल्या एका गावात अंत्यविधीचं सामान विकणारा एक माणूस होता. कुणाच्या घरी मयत झाली की लोक एक्सचेंजला फोन करून त्याचं दुकान मागायचे. पण एक्सचेंजमध्ये बसलेली बाई त्याच्याच धंद्यातल्या दुसऱ्या दुकानदाराची बायको होती. ती सगळे फोन आपल्या नवऱ्याला जोडून द्यायची. असं म्हणतात; खरंखोटं देव जाणे. शेवटी हा तिरडीवाला इतका वैतागला की मधे माणूसच लागू नये असं यंत्र त्यानं शोधून काढलं. आपोआप चालणारी एक्सचेंजं तिथून निघाली. लोक हसतात, मीही हसतो.

ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली, ती दुसरी एक सांगावी लागू नये म्हणून. ती दुसरी गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. अनेकदा कागद घेऊन बसलो आणि उठलो. गेवराईच्या एक्सचेंजमध्ये बसून मी एकदा एक खोटं वाक्य बोललो, पुढे ते झाकायला आणखी एक बोललो, आणि त्या दोन वाक्यांवर उमापूरच्या एका बाईचा संसार थांबला. आता ती बाई नाही. तेव्हा मी टाळतोय ते कुणासाठी, हेही मला सांगता येत नाही.

गेवराईचं एक्सचेंज म्हणजे एक खोली. भिंतीला लागून लाकडी बोर्ड, त्यावर ओळीनं छोट्या पत्र्याच्या झाकण्या. कुणी आपल्या टेलिफोनचं हँडल फिरवलं की त्याची झाकणी खट्‌ करून खाली पडायची. मग मी त्या भोकात दोरी खोचायची, विचारायचं, "बोला, कोण पाहिजे?" आणि दोरीचं दुसरं टोक पाहिजे त्या भोकात खोचायचं. एवढंच काम. खिडकीबाहेर कडुनिंब होता. दुपारी त्याची सावली बोर्डावर यायची, झाकण्यांवरून हळूहळू सरकत जायची, आणि ज्या गावाच्या झाकणीवर सावली असेल ते गाव आता झोपलं असेल असं मला उगाच वाटायचं. हेडफोन कानाला असला की तारांचा आवाज यायचा. वारा असेल तर गुणगुण, ऊन तापलं की बारीक सूं. त्या आवाजात मी तासन्‌तास बसलो आहे. त्यात गाणी ऐकू यायची, कधी कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखंही वाटायचं.

आम्हा ऑपरेटर लोकांत एकमेकांना नावं नसायची. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. "बीड, जरा पुणे दे." "पुणे, जेवलीस का?" माणूस कधी दिसायचा नाही, आवाजावरून तब्येत कळायची. मी गेवराई होतो. आणि गोव्याचं पणजी म्हणजे एक बाई होती, माझ्यापेक्षा बरीच मोठी, सावकाश बोलणारी, मराठीत कोकणी मिसळणारी.

आमच्या तालुक्यातले गवंडी आणि मजूर तेव्हा गोव्याला बांधकामावर जायचे, त्यामुळे पणजीशी माझं बोलणं व्हायचं. बीडवाला आणि पुण्याची बाई मधे जोडून देऊन बाजूला व्हायचे. कॉल संपला, लाइन कुणी मागितली नाही, की आम्ही दोघं थोडं बोलायचो. ते नियमात बसणारं नव्हतं. पण दुपारी आख्खा तालुका पेंगत असताना इतक्या लांबून एक आवाज कानात यायचा, आणि मागे कधी कधी पावसाचा. इकडे रखरख आणि कानात पाऊस. मी समुद्र तोवर पाहिला नव्हता. तिच्या आवाजावरूनच मी तो मनात तयार केला होता.

तिचं शाळेचं शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालं होतं. पोरवयातच ती तिथल्या एक्सचेंजला लागली, तेव्हा गोव्यात त्यांचंच राज्य होतं. एकदा मी सवयीनं "हॅलो, हॅलो" करत होतो, तर म्हणाली, "आम्ही हॅलो म्हणत नव्हतो रे. आम्ही म्हणायचो, 'इश्ता ला?'"

"म्हणजे?"

"म्हणजे, तिथं आहेस का?"

मला ते फार आवडलं. हॅलोला काही अर्थ नाही, ती नुसती आरोळी. हा मात्र प्रश्न होता, आणि टेलिफोनवर माणसाला विचारायचं असतं ते हेच असतं. पुढे आमची खूणच झाली. लाइन लागली की ती "इश्ता ला, गेवराई?" म्हणायची आणि मी म्हणायचो, "आहे बाई, इथंच आहे. जाणार कुठं?"

एकदा तिनं एक्सचेंज या शब्दाचं सांगितलं. इंग्रजीत एक्सचेंज म्हणजे अदलाबदल. व्यापारी एका जागी जमून देवघेव करायचे, त्या जागेला तेच नाव पडलं, आणि पुढे तारांची देवघेव जिथं होते त्या जागेलाही. मी म्हणालो, "म्हणजे आमचा आठवडी बाजारच की." ती खूप हसली. म्हणाली, "हो, बाजारच. पण आमच्यात त्याला सेंत्राल म्हणतात. मधली जागा. घेणं नाही, देणं नाही, आपण फक्त मधे." आणि फोन लावण्याला त्यांच्यात लिगार म्हणतात, त्याचा मूळ अर्थ बांधणं, गाठ घालणं. आपल्या सरकारनं दूरध्वनी केंद्र असं नाव दिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मराठीनं इंग्रजांचा शब्द सोडून नकळत पोर्तुगिजांचाच अर्थ घेतला आहे. मधली जागा.

ती जुन्या काळातलंही सांगायची. सुरुवातीला एक्सचेंजच नव्हती. टेलिफोन जोडीनं घ्यायचे, एक आपल्याकडे, एक ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे, मधे एक तार. दहा घरांशी बोलायचं तर दहा तारा. मग कुणाला तरी सुचलं की सगळ्या तारा एकाच खोलीत आणाव्यात. त्या खोलीत पहिल्यांदा पोरगे बसवले. ते गिऱ्हाइकांना शिव्या द्यायचे, दांडगाई करायचे, वाटेल ते जोडून द्यायचे. म्हणून मग बायका घेतल्या.

"तुझ्यासारखेच असणार रे ते," ती म्हणाली.

"मी काय केलं बाई? मी तर गरीब माणूस."

"गरीबच असतात सगळे, बोर्डावर बसेपर्यंत."

तेव्हा मी मनापासून हसलो होतो.

आता तो दिवस. उमापूरच्या बाजाराचा दिवस होता, दुपार. उमापूरला एकच तार जायची आणि तिच्यावर दोन टेलिफोन होते. एक पोस्टात, गावाच्या उपयोगासाठी, आणि एक तिथल्या आडत दुकानात. एकजण बोलत असला की दुसऱ्यानं थांबायचं. पण बाहेरगावचा ट्रंक कॉल आला तर नियम स्पष्ट होता. मधे शिरायचं, "शेठ, ट्रंक आहे, ठेवा आता" म्हणायचं, आणि तार मोकळी करून घ्यायची.

त्या वेळी आडतवाले शेठ तलवाड्याच्या व्यापाऱ्याशी कापसाबद्दल बोलत होते. बोलणं कापसावरून सोयरिकीवर गेलं होतं. पूर्वी एकदा मी त्यांना मधेच तोडलं होतं, तर त्यांनी बीडला साहेबांपर्यंत तक्रार नेली होती आणि मला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात शिरताना माझा हात जड व्हायचा.

बीडची झाकणी पडली, पलीकडे पणजी. "इश्ता ला, गेवराई?"

"आहे बाई."

"उमापूर पोस्ट दे. पी.पी. आहे." पी.पी. म्हणजे अमुक माणसालाच बोलवा असा कॉल. तिनं एका बाईचं नाव सांगितलं. "तिचा नवरा इथं काउंटरवर उभा आहे. ती तिथं पोस्टात येऊन बसलेली असेल म्हणतो."

मी उमापूरच्या तारेवर कान दिला. शेठ मुलीच्या रंगाबद्दल बोलत होते. मी थोडं थांबलो. पुन्हा कान दिला. अजून तेच. आणि आदल्या वेळी पणजीनं एक गोष्ट अर्धवट सोडली होती, तिच्या लहानपणी पोर्तुगालहून आलेल्या पहिल्या कॉलची. तो ऐकायला म्हणे सगळं ऑफिस कामं टाकून उभं राहिलं होतं. मला ती ऐकायची होती. लाइन अशी ताटकळत राहिली असती तर पुण्यानं ती काढून घेतली असती.

आमच्यात एक वाईट सवय होती. एखादा कॉल जोडायला अवघड दिसला की घंटा न वाजवताच सांगून टाकायचं, पार्टी मिळत नाही. बहुतेक ऑपरेटर कधी ना कधी ते करायचे. माणूस पुन्हा फोन लावतो, काही बिघडत नाही, अशी आमची समजूत.

मी म्हणालो, "पणजी, पार्टी मिळत नाही."

"नीट वाजवलंस ना रे?"

"वाजवलं. बाई आलेली नाही म्हणतात."

ती गेली. थोड्या वेळानं परत आली. म्हणाली, "गेला बिचारा. मला परत परत विचारत होता, नक्की आली नाही म्हणाले का? मी सांगितलं, गेवराईला मी ओळखते, तो खोटं नाही सांगत."

मी म्हणालो, "त्या पहिल्या कॉलचं सांगत होता ना तुम्ही?" आणि तिनं सांगितलं. मी ऐकलं. कडुनिंबाची सावली बोर्डावर आली होती. ती दुपार माझ्या आयुष्यातल्या सुंदर दुपारींपैकी एक होती, हे मी लपवणार नाही. तिच्या गोष्टीतलं, पोर्तुगालहून आलेलं "इश्ता ला?" मी डोळे मिटून ऐकत होतो, आणि तेव्हा उमापूरच्या पोस्टाच्या ओट्यावर ती बाई बसून होती.

पुढच्या गेवराईच्या बाजाराला एक म्हातारा एक्सचेंजच्या खिडकीशी आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अंगाला मेंढरांचा वास. उन्हातून आल्यामुळे त्याला आत काही दिसत नव्हतं. डोळ्यांवर हात धरून तो म्हणाला, "साहेब, येक इचारायचं हुतं."

"बोला काका."

"मागल्या बाजाराला गोव्यावरनं आमच्या उमापूरला फोन आलता का?"

मी म्हणालो, "का बरं?" खरं तर मला वेळ हवा होता.

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याची मुलगी गवंड्याला दिलेली. जावई तिला गोव्याला घेऊन गेला. तिथं तिचं मन रमेना. "चोहीकडं पाणीच पाणी म्हनं. मेंढरामागं हिंडलेली पोरगी, पाण्याला बघून जीव घाबरायचा तिचा." ती एका गावकऱ्याच्या सोबतीनं परत आली. जावयाला राग आला. वर्ष गेलं. चार शहाण्या माणसांनी निरोपानिरोपी करून मध्यम मार्ग काढला. जावयानं कळवलं, की बाजाराच्या दिवशी दुपारी मी फोन करतो. ती फोनवर आली तर समजंन यायला तयार हाय, लगेच न्यायला येतो, समुद्रापासून लांब खोली बघतो. न्हाई आली तर विषय संपला, मी माझं बघंन.

"पोरगी सकाळपासनं बसली साहेब. भाकर बी खाल्ली न्हाई. फोन काय वाजला न्हाई. मास्तर म्हनले, गेवराईलाच इचारा." मास्तर म्हणजे पोस्टमास्तर. "तुमी सांगा. आलता का?"

खरं सांगायला तेव्हा अजून वेळ होता. पणजीला सांगून त्या गवंड्याचा शोध घेता आला असता. फार तर नोकरीवर गदा आली असती, तीही बहुधा आली नसती. पण मागच्या टेबलावर आमचे साहेब बसले होते, आणि माझी जीभ माझ्या आधी बोलली.

"नाही काका. गोव्याहून काही आलं नाही."

त्यानं डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "न्हाई आला. म्हंजे त्यानं केलाच न्हाई." काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मिटलं मग." त्यानं पाणी मागितलं. मी माठातलं तांब्याभर दिलं. ओंजळीनं प्याला, तोंड पुसलं, म्हणाला, "उगं तरास दिला तुमाला. लई उपकार झाले."

नवऱ्यानं तिथं दुसरं लग्न केल्याचं मला एका मजुराकडून कळलं. त्यानं ते बातमी म्हणून सांगितलं, मी फोन जोडता जोडता ऐकलं. पणजीशी त्यानंतरही बोलणं व्हायचं, पण "इश्ता ला?" आलं की मी "इथंच आहे" म्हणायचं टाळून नुसतं "बोला बाई" म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "गेवराई, तू हल्ली नसतोस रे." तिला मी खोट्यात ओढलं आहे, हेही मी तिला सांगितलं नाही. पुढे ती निवृत्त झाली, आणि त्या लाइनवर एक तरुण मुलगा "हॅलो" म्हणू लागला.

मग गेवराईला आपोआप चालणारं एक्सचेंज आलं. आमचा बोर्ड उतरवला तेव्हा सगळे हळहळले, फोटो काढले. मला सुटल्यासारखं वाटलं. यंत्राला शेठची भीती वाटत नाही, त्याला गोष्टी ऐकायची हौस नसते. घंटा वाजवली नाही तर वाजवली म्हणून ते सांगत नाही. तिरडीवाल्याची गोष्ट मी तेव्हापासून सांगायला लागलो.

निवृत्तीनंतर एकदा मन घट्ट करून मी एसटीनं उमापूरला गेलो. घर विचारत विचारत गावाच्या कडेला पोचलो. ती दारात बसून शेळीला पाला घालत होती. केस पांढरे, बांधा सडसडीत, आवाज खणखणीत. मी म्हणालो, "मी गेवराईच्या टेलिफोनमध्ये होतो."

"टेलिफोनवाले?" ती उठलीच. "बरं झालं आलात. ह्या टावरचं काय करता? भाच्यानं मोबाइल दिलाय, पन घरात बोलाया येत न्हाई. शेळीबरुबर वढ्याला जावं तवा रेंज येती. रोज उठून वढ्याला न्यायला शेळीची काय तिथं सोयरीक हाय?"

मी म्हणालो की मी आता नोकरीत नाही. "मंग कशापायी आलात?" असं म्हणून तिनं खळखळून हसत मला बाजेवर बसवलं. चहा टाकला. आणि चहा उकळताना, मी काही न विचारता, तिनं स्वतःच सुरुवात केली.

"मीबी येकदा फोनसाठी दिसभर बसलते. इथल्या पोस्टात. तुमी नसाल तवा."

चहात साखर टाकत ती पुढं बोलत राहिली.

"पिशवी भरूनच नेलती संगं. दोन लुगडी, आरसा, करंडा. म्हनलं, फोनवर हो म्हनायचं आन्‌ घरी कशाला फिरायचं, तिथंच बसायचं, तो न्यायला येईस्तोवर. येडी हुते." चहा गाळून तिनं कप पुढे केला. "सांजच्याला मास्तर कुलूप लावाया लागले तवा उठले."

"फोन आला असता तर?" मी विचारलं.

"गेले असते की. पाण्यात राहा म्हनला असता तरी गेले असते." तिनं गाळणं झटकलं. "पन त्यानं केला न्हाई. म्हनून बरं झालं. ज्यानं बोलवलंच न्हाई त्याच्यासाठी काय रडायचं? त्याच दिशी मन सोडवून घेतलं मी. गावानं लई बोललं, पन मी मान खाली घातली न्हाई. मी गेलते, तो आला न्हाई. माझ्याकडनं चूक न्हाई."

कप माझ्या हातात होता. बोलायचं ते सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण ती ज्या एका गोष्टीला धरून इतकी वर्षं ताठ चालली, ती माझं खोटं होती. ते काढून घेतलं तर तिच्या हातात काय उरेल? त्यानं बोलावलं होतं, तो काउंटरवर उभा राहून परत परत विचारत होता, हे या वयात तिला कशाला? असं मी मनाशी म्हणालो. ही दया होती की त्या खिडकीतली भीती, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आज दया म्हणायला जीभ वळत नाही. मी चहा संपवला. तिनं फाटकापर्यंत येऊन सांगितलं, "कुनी वळखीचं असलं तर तेवढं टावरचं बघा."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. उमापूरचा एक ओळखीचा माणूस बीडला भेटला, त्यानं बोलता बोलता सांगितलं.

हल्ली दुपारी जेवून पडलो की मला तोच बोर्ड दिसतो. कडुनिंबाची सावली त्याच्यावरून सरकत असते, तारांत वारा असतो. उमापूरची झाकणी खट्‌ करून पडते. मी दोरी उचलतो, खोचतो. पलीकडे शेठ नसतात. कुणीही नसतं, नुसतं मोकळं सूं, आणि लांबून पाऊस. मी विचारतो, इश्ता ला? आणि ती तिथं असते, ओट्यावर, पिशवी मांडीवर घेऊन. स्वप्नातही मी पुढचं बोलू शकत नाही, तिथंच जाग येते. म्हणून आज जागेपणी लिहितो, जे त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून मी बोलायला हवं होतं.

बाई, फोन आला होता. तुमच्या माणसानं केला होता, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. तो उभा होता, तुम्ही बसला होता, मधे मी होतो. मी घंटा वाजवली नाही. तुमच्याकडून चूक झाली नाही, त्याच्याकडूनही नाही. मला माफ करा.